कोरडी तरीही पिंपल्स येणारी त्वचा: हलकं मॉइश्चरायझर निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की ऑक्टोबर संपता संपता एकच तक्रार दहा तोंडांनी ऐकू येते: "चेहरा ओढतोय, पण काही लावलं की पुटकुळ्या येतात." कॉलेजच्या मुली विचारतात, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले कामगार विचारतात, चाळिशीतल्या बायकाही विचारतात. मेसेजवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे एकाचं उत्तर दुसऱ्यात येतं, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पिंपल्स येतात तर मॉइश्चरायझर लावायचंच कशाला? चेहरा कोरडा राहिला तर पिंपल्स सुकतील ना?

नाही. या एका गैरसमजापायी लोक सगळ्यात जास्त त्रास काढतात. पिंपल त्वचेच्या वर नाही, छिद्राच्या आत तयार होतो. तिथे तेल आणि मृत पेशींचा बूच बसतो, जंतू वाढतात, सूज येते. वरचा थर कितीही वाळवला तरी आतला बूच निघत नाही. उलट त्या थरातली स्निग्धता, म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड, धुऊन गेली की माठातून पाणी झिरपावं तसा आतला ओलावा उडून जातो. मग त्वचा लाल होते, चुरचुरते आणि पिंपल्सवरची औषधंही सोसत नाही. माणूस औषध अर्ध्यावर सोडतो आणि पिंपल्स पुन्हा येतात. औषध टिकून लावता यावं म्हणूनच मॉइश्चरायझर लागतं.

२. माझं कपाळ चकाकतं आणि गाल ओढतात. मग माझी त्वचा कोरडी म्हणायची की तेलकट?

बहुतेक वेळा दोन्ही. तेल कमी असणं वेगळं आणि पाणी कमी असणं वेगळं. तेल कमी असलेली त्वचा बारा महिने खरखरीत असते, छिद्रं दिसत नाहीत, पिंपल्सही क्वचितच येतात. पाणी कमी पडलेल्या त्वचेवर तेल असतंच, पण तोंड धुतल्यावर दहा मिनिटांत गाल ताणतात, नाकाच्या कडेला पापुद्रे दिसतात आणि दुपारी कपाळ पुन्हा चकाकतं. पिंपल्सवाल्यांमध्ये हा दुसरा प्रकारच जास्त दिसतो, आणि तो पुष्कळदा फेसवॉशच्या अतिरेकाने ओढवून घेतलेला असतो (प्रश्न ८). अशा त्वचेला ओलावा जास्त आणि तेल बेताचं असलेलं मॉइश्चरायझर मानवतं.

३. हलकं म्हणजे नेमकं कोणतं? जेल, लोशन की क्रीम?

जेलमध्ये पाणी जास्त, तेल जवळपास नाही. लोशन पातळ असतं, त्यात थोडं तेल असतं. क्रीम घट्ट आणि जास्त स्निग्ध. जेल आणि क्रीम यांच्या मधला जेल-क्रीम नावाचा प्रकारही मिळतो.

जेल तेलकट त्वचेला उत्तम, पण कोरड्या त्वचेवर ते एकटं पुरत नाही. लावताना गार वाटतं आणि तासाभरात चेहरा पुन्हा ओढतो. कोरड्या पण पिंपल्स येणाऱ्या त्वचेसाठी मी सुरुवात लोशन किंवा जेल-क्रीमने करायला सांगते. घट्ट क्रीम वाईट असतं असं नाही. औषधाने चेहरा सोलला असेल तर तेच लागतं (प्रश्न १०).

हातावर लावून पारख करायची असेल तर मनगटाच्या वर थोडं पसरा आणि पाच मिनिटांनी बोट फिरवा. बोट घसरत असेल तर ते तुमच्यासाठी जड आहे. काही लावलंच नव्हतं असं वाटत असेल तर थंडीत ते पुरणार नाही.

४. डबीमागची बारीक अक्षरं कशी वाचायची? त्यातलं काहीच कळत नाही.

सगळं कळायची गरज नाही. तीन-चार गोष्टी ओळखता आल्या की काम भागतं.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं बहुतेक पाणी असतं, त्याला 'अ‍ॅक्वा' असंही लिहितात. त्यानंतरच्या चार-पाच नावांतच त्या वस्तूचं खरं रूप दिसतं. एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. हा एक टक्का ओळखायची खूण म्हणजे 'फिनॉक्सीइथेनॉल'. हे टिकवण्यासाठी घालतात आणि ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. म्हणून त्याच्या पुढे लिहिलेलं केशर, कमळ, मोती वगैरे नावापुरतंच आहे असं समजा. डबीच्या पुढच्या बाजूला त्याचं कितीही मोठं चित्र असो.

पहिल्या काही नावांत 'ग्लिसरीन' हवंच. ओलावा धरून ठेवणारा इतका स्वस्त आणि भरवशाचा घटक दुसरा नाही. त्याच्या जोडीला हायल्युरॉनिक अ‍ॅसिड (यादीत 'सोडियम हायल्युरोनेट'), पॅन्थेनॉल किंवा कमी प्रमाणात युरिया असेल तर चांगलंच. 'स्क्वालेन' आणि 'डायमेथिकोन' ओलावा आत कोंडतात आणि छिद्रं बुजवत नाहीत. डायमेथिकोन म्हणजे सिलिकॉन, म्हणून काही जण घाबरतात. तसं कारण नाही. सेरामाइडचं नाव यादीत शेवटी दिसलं तरी चालतं, ते थोडंसंच लागतं. 'नायसिनामाइड' दोन ते पाच टक्के असेल तर पिंपल्सच्या डागांनाही उपयोग होतो. दहा टक्क्यांचं काहींना चुरचुरतं.

'सेटिल अल्कोहोल', 'सेटिअरिल अल्कोहोल' ही नावं बघून पुष्कळ जण डबी खाली ठेवतात. ही स्निग्ध अल्कोहोलं आहेत आणि ती त्वचा वाळवत नाहीत. वाळवतं ते 'अल्कोहोल डिनॅट', तेही यादीत वर असेल तर.

पहिल्या चार-पाच नावांत 'कोकोस न्युसिफेरा ऑइल' (म्हणजे खोबरेल), कोको बटर किंवा 'आयसोप्रोपिल मायरिस्टेट' असेल तर पिंपल्सवाल्यांनी दुसरं बघावं. तीच नावं यादीच्या तळाशी असतील तर त्यासाठी अडून बसू नका. 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' मात्र तळाशी असलं तरी नको. वासाने पिंपल्स येत नाहीत, पण आधीच चिडलेली त्वचा त्याने आणखी चिडते.

५. 'नॉन-कॉमेडोजेनिक' (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं असेल तर डोळे झाकून घ्यावं का?

घ्यायला हरकत नाही, फक्त ती खात्री समजू नका. हा शब्द डबीवर छापण्यासाठी कायद्याने ठरवून दिलेली एकच चाचणी नाही. कोणता घटक छिद्रं किती बुजवतो याचे शून्य ते पाच गुणांचे तक्ते फिरत असतात. त्यातले पुष्कळसे आकडे सशाच्या कानावर सुटा घटक लावून काढलेले आहेत. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार लवकर बुजतो, आणि तयार क्रीममध्ये तो घटक सुटा नसतो. म्हणून तक्ता बघून एकेक नाव छाटत बसण्यापेक्षा प्रश्न ४ मधल्या खुणा बघा आणि प्रश्न १२ मध्ये सांगितल्याप्रमाणे स्वतःच्या त्वचेवर पारखा.

६. खोबरेल तेल, साय, कोरफड, ग्लिसरीन-गुलाबपाणी... आजी हेच लावायची आणि तिची त्वचा छान होती.

आजीला पिंपल्स येत होते का, हे आधी विचारा. ज्यांना येत नाहीत त्यांना साय आणि खोबरेल दोन्ही चालतं. तुम्हाला येतात, म्हणून चेहऱ्यावर खोबरेल, साय आणि तूप नको. हातापायांना खुशाल लावा.

केसांना तेल लावून झोपणाऱ्यांच्या कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्या येतात, मग दोष मॉइश्चरायझरला जातो. चंपी करायची तर न्हायच्या तासभर आधी करा आणि उशीचा अभ्रा बदला.

कोरफडीचा ताजा गर गार वाटतो, पण त्यात ओलावा कोंडणारं काही नाही. शिवाय पानाचा पिवळा चीक राहिला तर खाज सुटते. ग्लिसरीन चांगलं, पण निव्वळ ग्लिसरीन थंडीच्या कोरड्या हवेत लावू नका. बाहेर ओलावा नसला की ते त्वचेतलाच ओढून घेतं. लावायचंच तर पुष्कळ पाण्यात मिसळून, ओल्या चेहऱ्यावर, आणि त्यावर लोशन. लिंबू अजिबात नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की चट्टे पडतात, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ते महिनोन् महिने जात नाहीत.

दिवाळीचं उटणं वर्षातून चार दिवस लावलं तर बिघडत नाही, मात्र चेहऱ्यावर खसाखसा घासू नका.

७. थंडी, उन्हाळा, पावसाळा, सगळ्याला एकच चालेल का?

मुंबईत कदाचित चालेल. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते आणि रात्री गारठा पडतो. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकडी झाल्याची बातमी दर हिवाळ्यात असतेच. तेव्हा जेल पुरत नाही. रात्री जेल-क्रीमवर गालांपुरता क्रीमचा पातळ थर द्या, सकाळी लोशन. मार्चपासून ऊन कडक होतं, पण हवा कोरडीच असते. तेव्हा लोशन तेच ठेवा, थर कमी करा. जूनमध्ये हवेत ओल आली की पुष्कळांना नुसतं जेल भागतं. इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांना तर नक्कीच.

दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या बागांत द्राक्षांच्या हंगामात दिवसभर काम करणाऱ्या बायका वेगळं सांगतात: सकाळी गारठा, दुपारी ऊन, वारा कायमच. त्यांनी सकाळी लोशन लावून त्यावर सनस्क्रीन आणि पदर किंवा सुती रुमाल घ्यावा. घरी आल्यावर आधी तोंड धुवावं, मग पुन्हा लोशन. महाग क्रीमपेक्षा संध्याकाळचं हे दुसऱ्यांदा लावणं जास्त कामाला येतं.

ऋतू बदलला की दोन आठवडे सांभाळा. आधीचं एकदम बंद न करता रात्रीपुरतं चालू ठेवा.

८. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. त्याने चेहरा खराब होतो का?

जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच चेहऱ्यावरही बसतो आणि त्वचा ओढते. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येणाऱ्या घरांत हा त्रास कमी. बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत जास्त.

पाणी बदलता येत नसेल तर साबण बदला. अंगाच्या साबणाचा पीएच ९-१० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. चेहऱ्याला फेस कमी येणारा सौम्य फेसवॉश किंवा साबणरहित वडी घ्या. तिचा असा साका बसत नाही. दिवसातून दोनदाच, कोमट पाण्याने. सकाळी नुसत्या पाण्याने धुतलं तरी पुष्कळांना चालतं. थंडीत गिझरच्या कढत पाण्याचा तांब्या चेहऱ्यावर ओतायची सवय असेल तर ती आधी सोडा.

९. किती लावायचं आणि केव्हा?

दोन वाटाण्यांएवढं पूर्ण चेहऱ्याला पुरतं. तोंड टिपून घ्या, कोरडं करू नका, आणि ओलसर असतानाच लावा. चोळू नका. सकाळी मॉइश्चरायझर, ते मुरलं की सनस्क्रीन. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा इतकं. सनस्क्रीनच स्निग्ध असेल तर पावसाळ्यात सकाळचं मॉइश्चरायझर वगळलं तरी चालेल.

१०. डॉक्टरांनी पिंपल्ससाठी अ‍ॅडापॅलीन आणि बेंझॉयल पेरॉक्साइड दिलंय. चेहरा सोलून निघतोय. औषध बंद करू?

स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि निमूट सोसतही राहू नका. पहिले काही आठवडे सोलणं अपेक्षित असतं. तेवढ्यात लोक औषध टाकून देतात आणि पुढे "मला ते सूट झालं नाही" असं कायमचं ठरवून बसतात. त्याचं फार वाईट वाटतं, कारण पुष्कळदा फक्त मॉइश्चरायझर लावायचं राहिलेलं असतं.

रात्री तोंड धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्या, आधी मॉइश्चरायझरचा थर, मग वाटाण्याएवढं अ‍ॅडापॅलीन पूर्ण चेहऱ्याला, मग पुन्हा मॉइश्चरायझर. नाकाचे, ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे सोडून. एकेका पिंपलवर ठिपके देऊ नका. तरीही सोसत नसेल तर एक दिवस आड लावू का, असं डॉक्टरांना फोन करून विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. या काळात स्क्रब, टोनर, व्हिटॅमिन सी, सॅलिसिलिक फेसवॉश सगळं बाजूला ठेवा.

बेंझॉयल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो. निळ्या टॉवेलवर पांढरट डाग दिसले तर ते त्याचेच. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वापरा.

११. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू आहेत. हलकंच लावायचं का?

या काळात तेल बनणंच खूप कमी होतं, म्हणून हलक्याचा आग्रह सोडा. सेरामाइडचं क्रीम दिवसातून दोन-तीनदा आणि ओठांना पेट्रोलियम जेली खिशातच ठेवा. वॅक्सिंग गोळ्या चालू असताना आणि नंतरही काही महिने करायचं नाही, साल निघते. अप्परलिपचं वॅक्सही त्यातच आलं. ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गरोदर राहणं गर्भासाठी अतिशय धोक्याचं आहे. हे डॉक्टरांशी नीट बोलून घ्या.

१२. नवीन मॉइश्चरायझर लावल्यापासून पिंपल्स वाढले. हे 'पर्जिंग' आहे का?

पर्जिंग म्हणजे औषध सुरू केल्यावर पिंपल्स काही काळ वाढणं. मॉइश्चरायझरने ते होत नाही. ते अ‍ॅडापॅलीनसारख्या औषधांनी होतं, कारण ती आतले बूच लवकर वर आणतात. साध्या लोशनने पिंपल्स वाढले तर एक तर ते तुम्हाला मानवत नाही, किंवा त्याच आठवड्यात दुसरंही काही बदललं आहे: पाळी, नवीन सनस्क्रीन, जागरण, केसांचं तेल.

नवीन वस्तू एका वेळी एकच सुरू करा. आधी कानाखाली जबड्याच्या कडेला आठवडाभर लावा. खाज, लाली लगेच कळते. छिद्रं बुजायला मात्र वेळ लागतो, त्यामुळे खरा निकाल चार ते सहा आठवड्यांनी.

१३. काहीही लावलं की चुरचुरतं, अगदी साधं लोशनसुद्धा.

वरचा थर उसवला आहे. दोन-तीन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, वासरहित क्रीम आणि सनस्क्रीन. डॉक्टरांचं औषध असेल तर त्यांना विचारून थांबवा. तरीही थांबलं नाही तर प्रश्न १६ जरूर वाचा.

१४. स्कूटीवर स्कार्फ बांधते. हनुवटी आणि गालावरच पिंपल्स येतात.

एका मुलीने काउंटरवर स्कार्फ सोडून दाखवला. नाकाच्या दांडीपासून कानापर्यंत कापडाची कड जिथे दाबत होती, तिथेच पुटकुळ्यांची रांग होती. घर्षण, घाम आणि कापडात राहिलेली साबणाची पावडर, तिन्हींचं हे काम. सुती स्कार्फ घ्या, रोज धुतलेला, दोनदा खळबळून काढलेला. बांधायच्या आधी लोशन पूर्ण मुरू द्या, ओल्या लोशनवर धूळ चिकटते. हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा आणि आतलं अस्तर ओल्या फडक्याने पुसत जा. हेल्मेट मात्र सोडू नका.

१५. कपाळावर एकाच मापाचे बारीक दाणे आहेत, खाज येते आणि मॉइश्चरायझरने वाढतात.

हे कदाचित पिंपल्स नसतील. केसांच्या मुळाशी मॅलेसेझिया नावाची बुरशी वाढली की असे एकसारखे खाजरे दाणे कपाळ, छाती, पाठीवर येतात. पावसाळ्यात घामाने, किंवा अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झाल्यावर जास्त. ही बुरशी तेलांतल्या फॅटी अ‍ॅसिडवर जगते, म्हणून नारळ, ऑलिव्ह, बदाम यांची तेलं असलेलं काहीही तिला पोसतं. ग्लिसरीन, स्क्वालेन, डायमेथिकोन असलेलं जेल चालतं. निदान त्वचारोगतज्ज्ञांकडूनच करून घ्या, कारण पिंपल्सची औषधं इथे लागू पडत नाहीत.

१६. मैत्रिणीने एक क्रीम दिलं. आठ दिवसांत चेहरा तुकतुकीत झाला, पण बंद केलं की लाल होतो.

ट्यूब घेऊन या किंवा स्वतः वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर ते मॉइश्चरायझर नाही, स्टेरॉइड आहे. गोरं करण्याच्या नावाखाली अशी मलमं हातोहात फिरतात. स्टेरॉइडने सूज दबते म्हणून सुरुवातीला चेहरा छान दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल केशिका दिसू लागतात, बारीक पुटकुळ्या उसळतात आणि नको तिथे लव वाढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती याचसाठी. बरेच महिने लावलं असेल तर एकदम बंद केल्यावर चेहरा पेटतो आणि माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. डॉक्टरांना दाखवा, सांगताना लाजू नका. यात तुमचा दोष नाही.

१७. मी गरोदर आहे. काय टाळू?

साधं मॉइश्चरायझर चालतं. रेटिनॉल, अ‍ॅडापॅलीन, ट्रेटिनोइन असलेलं काहीही नको. पिंपल्सच्या औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

१८. माझ्या मुलाला दाढी केल्यावर मानेवर पुटकुळ्या येतात. त्याला यातलं चालेल का?

चालेल. दाढीनंतरचं अल्कोहोलवालं लोशन बंद करून त्या जागी हेच वासरहित लोशन लावायला सांगा. केसांच्या दिशेने दाढी, धार गेलेलं ब्लेड लगेच बदलायचं.

१९. बजेट कमी आहे. महागाचं घेतलं तरच गुण येतो का?

नाही. किंमत ग्रॅमला काढा. छोटी ट्यूब स्वस्त दिसते आणि ग्रॅमला मोठ्या बाटलीच्या दुप्पट पडते. मॉइश्चरायझरवर वाचवलेले पैसे सनस्क्रीनला ठेवा. रोज दोनदा लावलं तर ५० ग्रॅम साधारण दीड ते दोन महिने जातं. त्याहून फार जास्त टिकत असेल तर तुम्ही कमी लावताय.

२०. गेल्या थंडीतली अर्धी डबी उरली आहे. वापरू का?

डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि त्यात '१२ एम' असं काही असतं. उघडल्यापासून इतके महिने, असा त्याचा अर्थ. ती मुदत आणि छापलेली शेवटची तारीख, जे आधी संपेल ते धरा. वास बदलला असेल, पाणी वेगळं झालं असेल किंवा रंग पिवळसर पडला असेल तर मुदत उरली असली तरी टाका. बोटं घालायच्या डबीपेक्षा ट्यूब किंवा पंप घ्या. डबीच असेल तर धुतलेल्या चमच्याने काढा, आणि उघडलेल्या दिवसाची तारीख आजच पेनाने तळाला लिहून ठेवा.